वॅगनआर आणि बोलेरो घरी उचलायच्या आहेत : जॅक, घोडी की रॅम्प?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे साताऱ्यात पेट्रोलवरची वॅगनआर आहे आणि कोरेगाव तालुक्यातील गावी थोरल्या बंधूंची बोलेरो आहे. इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे, ब्रेक पॅड तपासणे, चाकांची अदलाबदल करणे आणि पावसाळा संपल्यावर खालचा चिखल काढून गंज पाहणे, एवढी कामे यापुढे घरीच करावीत असा विचार आहे. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता ठीक आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरण्याची माझी तयारी नाही.

दुकानात २ टनी आणि ३ टनी ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा), बाटली जॅक (उभा, बाटलीच्या आकाराचा) व चाके चढवायच्या लोखंडी रॅम्पची जोडी असे पर्याय दाखवले. विक्रेत्याचे म्हणणे असे की ३ टनी ट्रॉली घेतली की दोन्ही गाड्यांचे काम भागेल. मला ते पूर्ण पटलेले नाही, पण का पटले नाही हेही नीट मांडता येत नाही. साताऱ्याच्या घराचे अंगण शहाबादी फरशीचे आहे आणि त्याला थोडा उतार आहे. गावी मुरमाची जमीन आहे. कृपया अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

मिरज_जंक्शन

बंधूंची बोलेरो उचलण्यापूर्वी बंधूंची संमती घेतली आहे ना? बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

डेपोतला_पाना

मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो असून आता कराडला असतो. विक्रेत्याचे बोलणे तुम्हाला का पटले नाही ते मी मांडून पाहतो.

टनाचा आकडा हा या खरेदीतील सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. वॅगनआरचे रिकामे वजन साडेआठशे किलोच्या आतबाहेर आहे. इंजिन पुढे असल्यामुळे त्यातले साधारण साठ टक्के पुढच्या दोन चाकांवर येते, म्हणजे पुढचा एक कोपरा उचलताना जॅकवर अडीचशे-पावणेतीनशे किलोच्या आसपास भार येतो. बोलेरो सोळाशे किलोच्या घरात धरली तरी एका कोपऱ्याला चारशेच्या आसपास भार येईल. आपण संपूर्ण गाडी एकाच वेळी हवेत धरत नाही, त्यामुळे दर्जेदार बनावटीचा २ टनी जॅक दोन्ही गाड्यांना वजनाच्या दृष्टीने पुरतो.

खरी अडचण उंचीची आहे. जॅकच्या खोक्यावर दोन उंची छापलेल्या असतात, किमान आणि कमाल. किमान उंचीवर जॅक गाडीखाली शिरतो की नाही ते ठरते, आणि कमाल उंचीवर चाक जमिनीवरून सुटते की नाही ते ठरते. साधा २ टनी ट्रॉली जॅक १३० ते १४० मिलिमीटरला सुरू होतो आणि ३३० च्या आसपास थांबतो. वॅगनआरची जमिनीपासूनची मोकळीक १६५ मिलिमीटर आहे, त्यामुळे तो आरामात आत जातो. टायर बसलेला असला तरी बहुधा जातो. बाटली जॅकची किमान उंचीच दीडशे ते एकशेऐंशी मिलिमीटर असते, म्हणून वॅगनआरला तो ऐन गरजेच्या वेळी आत शिरणार नाही.

बोलेरोचे गणित उलटे आहे. तिला स्वतंत्र चेसिस (खालची लोखंडी चौकट) आहे आणि मागे पाट्यांची स्प्रिंग आहे. चेसिसच्या दांड्याला जॅक लावून उचलू लागलात तर पाटे सैल होत जातात आणि चाक जागीच लोंबकळत राहते, त्यामुळे जॅकची सगळी उंची पाटे मोकळे करण्यातच खर्ची पडते. मागच्या अॅक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या बैठकीजवळ, बाटली जॅक लावला तर दोन-अडीच इंच उचलताच चाक सुटते. ३ टनी ट्रॉलीने दोन्ही गाड्या उचलता येतील हे खरे आहे. परंतु ती तीस-पस्तीस किलोची वस्तू दर वेळी साताऱ्याहून गावी न्यायची, मुरमावर तिची चाके रुतणार, आणि ज्या कामाला साधा बाटली जॅक पुरतो तेच काम ती करणार. म्हणून वॅगनआरला ट्रॉली आणि बोलेरोला बाटली असे दोन वेगळे जॅक घ्यावेत. बहुधा तेवढ्याच पैशांत दोन्ही येतील.

कास_पठारी

वरील प्रतिसाद जपून ठेवत आहे. मात्र एक शंका आहे. वर्षातून एकदा-दोनदा ऑइल बदलण्यासाठी जॅक, घोडी (उचललेली गाडी टेकवून ठेवायचा लोखंडी आधार), पाने, ऑइल धरायची परात आणि उरलेल्या काळ्या ऑइलची विल्हेवाट असा खटाटोप करण्यापेक्षा गॅरेजला मजुरी देणे स्वस्त पडत नाही का? मी विरोधासाठी विरोध करत नाही; हिशेब मांडला तर पैसे वसूल व्हायला काही वर्षे जातील असे दिसते.

हळदीचे_पान

@कास_पठारी, हिशेब फक्त पैशांचा असेल तर तुमचे म्हणणे योग्य आहे. मी विश्रामबागेत राहते आणि माझ्या वॅगनआरचे ऑइल मीच बदलते. त्यामागे बचत हा हेतू नाही. कोणता फिल्टर बसवला, ड्रेन बोल्टखालचा वॉशर नवा घातला की जुनाच, हे मला माहीत असावे असे वाटते. गाडी वर असताना चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटला आहे का, चाक धरणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशला तडे गेले आहेत का, हेही शांतपणे पाहता येते. गर्दीच्या गॅरेजमध्ये एवढा वेळ कोणाकडे असतो?

आता रॅम्पविषयी, कारण त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही. केवळ ऑइल बदलणे आणि खालून पाहणी करणे एवढेच काम असेल तर रॅम्प उत्तम आहेत. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते, त्यामुळे जॅक कुठे लावायचा हा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि गुळगुळीत फरशीवर चाक चढू लागले की रॅम्पच पुढे सरकतो. मी खाली रबरी पायपोसासारखी जाड चटई घालते आणि रॅम्पचे पुढचे टोक भिंतीला टेकवलेल्या लाकडाला अडवते. चढवताना बाहेर दुसरे माणूस उभे असणे आवश्यक आहे, कारण चाक रॅम्पच्या माथ्यावर पोहोचले की पुढे गेले हे चालकाला आतून दिसत नाही. रॅम्पचा चढ फार उभा असेल तर पुढचा बंपर आधी टेकतो. वॅगनआरला सहसा टेकत नाही, पण बुटक्या सेडानवाल्यांनी मोजून घ्यावे.

रॅम्पची मर्यादा उघड आहे. चाक रॅम्पवरच टेकलेले असल्यामुळे ब्रेकचे किंवा चाकांच्या अदलाबदलीचे काम होत नाही. धागाकर्त्यांच्या यादीत ती दोन्ही कामे आहेत, त्यामुळे त्यांनी केवळ रॅम्पवर विसंबू नये.

कुपवाड_वेल्डर

सर्व जण जॅकवर लिहीत आहेत आणि घोडीला कोणी विचारत नाही, याचे आश्चर्य वाटते. जॅक गाडी उचलतो. धरून ठेवण्याचे काम घोडीचे आहे. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार एका रबरी सीलवर आणि एका छोट्या झडपेवर उभा असतो. सील झिजले किंवा झडपेखाली कचऱ्याचा कण अडकला की तेल मागे सरकते आणि गाडी खाली येते. कधी ती तासाभरात बोटभर उतरते, कधी एकदम. म्हणून जॅकसाठी ठेवलेल्या पैशांतून आधी घोडीची जोडी घ्यावी आणि उरलेल्यात जॅक घ्यावा.

घोडी दोन प्रकारची मिळते. दातेरी पट्टीची घोडी झटकन वरखाली होते. पिनेची घोडी भोकाभोकाने वर घ्यावी लागते, पण तिची पिन आरपार गेलेली डोळ्यांना दिसते. अमेरिकेत २०२० साली एका मोठ्या दुकानसाखळीला आपल्या ३ टनी आणि ६ टनी दातेरी घोड्या लाखोंच्या संख्येने परत मागवाव्या लागल्या, कारण भार अचानक हलला तर खटका दात्यातून निसटण्याची शक्यता होती. पुढे बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. दातेरी घोडी वाईटच असते असे नाही. चांगल्या घोडीला दात्यांशिवाय वेगळी सुरक्षा पिनही असते. घेताना ती आहे का ते पाहावे. लेबलवरचा भार एका घोडीचा आहे की जोडीचा, हेही वाचावे, कारण दोन्ही पद्धतींनी छापलेला माल बाजारात दिसतो.

एक विनंती. आमच्याकडे वर्षाला काही जण अँगलचे तुकडे घेऊन येतात आणि 'यातून घोडी बनवून द्या' म्हणतात. मी देत नाही. वेल्डिंग मला उत्तम येते, परंतु भार देऊन चाचणी करण्याची सोय माझ्याकडे नाही, आणि ज्याखाली माणूस झोपणार आहे ती वस्तू चाचणीशिवाय हाती देणे मला मान्य नाही.

मिरज_जंक्शन

कुपवाडला काम नाकारणारा वेल्डर सापडला, ही या धाग्याची मोठीच कमाई आहे.

गमतीचा भाग सोडतो. विटांविषयीही लिहायला हवे, कारण आपल्याकडे जॅक लावून बाजूला चार विटा रचण्याची पद्धत सर्रास दिसते. वीट किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक वाकत नाही, इशाराही देत नाही. एका कोपऱ्यावर भार आला की सरळ फुटतो. त्याऐवजी बाभळीचे किंवा सागाचे जाड ओंडके आडवे-उभे चौकटीसारखे रचावेत. लाकूड दबते, करकरते आणि वेळ देते.

नवा_सभासद_वाई

एक मूलभूत प्रश्न आहे. जॅक लावायची जी खाच सिलखाली, म्हणजे दारांखालच्या लांब पट्टीखाली, असते, तिथे जॅक असतानाच घोडी कुठे लावायची? जागा एकच आहे आणि वस्तू दोन आहेत.

डेपोतला_पाना

फार चांगला प्रश्न. ट्रॉली जॅकचा खरा उपयोग इथेच दिसतो. पुढे उचलताना जॅक मधल्या जाड क्रॉसमेंबरखाली (आडव्या लोखंडी दांड्याखाली) लावावा, जेणेकरून दोन्ही बाजू एकदम उचलल्या जातात, आणि सिलखालच्या दोन्ही खाचा घोड्यांसाठी मोकळ्या राहतात. नेमकी जागा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावी; ऑइल संप (इंजिनखालची ऑइलची टाकी), गिअरबॉक्स किंवा रेडिएटरच्या खालच्या पट्टीला जॅक कधीही लावू नये. वॅगनआरसारख्या गाड्यांना मागे जो वळणारा बीम असतो, तो मधोमध उचलू नये असे अनेक कंपन्या सांगतात, म्हणून मागे एकेक बाजू उचलावी. सिलच्या दुमडलेल्या पत्र्यावर जॅकचे उघडे लोखंड टेकवले की पत्रा मुडपतो, रंग उडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो, यासाठी मध्ये खाच असलेला रबरी गुटका वापरावा.

घोडी लावल्यावर जॅक हळूहळू सोडून भार घोडीवर येऊ द्यावा. मग गाडीला बाहेर उभे राहून हाताने जोरात हलवून पाहावे. हलवताना पडणार असेल तर ती आपण बाहेर असतानाच पडलेली बरी.

कृष्णाकाठ

चाके अडवण्याविषयी लिहितो, कारण 'हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, झाले' असे समजणारे बरेच आहेत.

वॅगनआरचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला. मग गाडी फक्त पुढच्या चाकांच्या गिअरवर उभी असते. उलट पुढचे एकच चाक उचलले तर गिअर निरुपयोगी ठरतो, कारण डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचामुळे) हवेतले चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक त्यासोबत घरंगळू शकते. तिथे हँडब्रेकच कामाला येतो.

बोलेरोत धोका याहून मोठा आहे. तिचे गिअरही मागच्या चाकांना आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना. मागची दोन्ही चाके उचलली की पुढच्या चाकांना धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून, पाचरी किंवा मोठे दगड लावल्याशिवाय जॅकचा दांडा हातात घेऊ नये. चाकाचे नटही गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि शेवटचा आवळा जमिनीवर आल्यावरच द्यावा.

कास_पठारी

गिअर आणि डिफरन्शिअलचा मुद्दा मला माहीत नव्हता. गॅरेजचा आग्रह मी मागे घेत नाही, परंतु माझ्या स्टेपनी बदलण्याच्या पद्धतीत आजपासून दगडांची भर पडेल.

नवा_सभासद_वाई

जॅकऐवजी घराच्या शेडमध्ये एस.टी. डेपोसारखा खड्डाच खणून घेतला तर? जॅक नको, घोडी नको, गाडी वर आणि आपण खाली उभे. आमच्या इथे जागा आहे.

डेपोतला_पाना

त्या खड्ड्यांत मी आयुष्य काढले, तरीही घरी खड्डा करू नये असे सांगेन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्याच्या तळाशी साचून राहते आणि एखाद्या दिव्याची किंवा ग्राइंडरची ठिणगी पुरते. डेपोत गाड्या बहुतेक डिझेलच्या असतात, खड्ड्याला दोन्हीकडून पायऱ्या असतात आणि आजूबाजूला माणसे असतात. घरी यातले काही नसते. शिवाय खड्डा उघडा राहिला तर लहान मुलांचा धोका वेगळाच.

कृष्णाकाठ

सांगलीच्या बाजूला आणखी एक कारण आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना खड्ड्यात काय भरते ते सांगायला नको. काळ्या मातीत पावसाळ्यात जमिनीखालचेच पाणी वर येते आणि उन्हाळ्यात माती आकसून खड्ड्याच्या भिंतींना तडे जातात.

मिरज_जंक्शन

पुराचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी इशारा पातळीला, म्हणजे ४० फुटांना, पोहोचले की आमचे एक स्नेही गाडी चार घोड्यांवर चढवून ठेवण्याचा विचार करतात. हे शहाणपणाचे आहे का?

कृष्णाकाठ

मुळीच नाही. मोटार ही पाण्याच्या दृष्टीने बंद डबा आहे. दीड-दोन फूट पाण्यात ती तरंगू लागते. घोड्यांवर उभी असलेली गाडी थोडी उचलली गेली की प्रवाहाने बाजूला सरकणार आणि मग घोडीवरच आपटणार. किल्ली फिरवावी आणि गाडी उंचावरच्या भागात नेऊन लावावी.

कुपवाड_वेल्डर

खड्ड्यातून आणि पुरातून बाहेर येऊन धागाकर्त्यांच्या अंगणाकडे वळू. त्यांनी जमिनीची माहिती पहिल्याच परिच्छेदांत दिली आहे आणि निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे.

ट्रॉली जॅकची भुजा वर जाताना कमानीसारखी फिरते. त्यामुळे जॅक गाडीखाली थोडा सरकत जावा लागतो, आणि म्हणूनच त्याला चाके दिलेली असतात. मुरमात ती चाके रुतली की जॅक सरकत नाही. मग जॅकच्या टोकाची वाटी टेकलेल्या जागेवरून घसरते किंवा गाडीच ओढली जाते. गावी ट्रॉली वापरायचीच असेल तर १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा, जॅकपेक्षा हातभर लांब असा तुकडा खाली घालावा. बाटली जॅकखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा पुरतो.

शहाबादी फरशीला आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे घोडी ठेवू नये, कारण घोडीचे चार पाय म्हणजे चार छोटे बिंदू. पोकळ फरशी त्याखाली तडकते आणि घोडी कलते. पेव्हर ब्लॉकवर घोडीचा एक पाय सांध्यातून खाली गेलेला मी शेजाऱ्यांकडे पाहिला आहे. प्रत्येक घोडीखाली फूटभर चौरस, सहा मिलिमीटर जाडीची प्लेट ठेवावी.

उताराचे म्हणाल तर पाणी वाहून जाण्यासाठी मीटरला एक सेंटीमीटर दिलेला उतार चालतो. गाडी गेटमधून आत घेण्यासाठी केलेला उतार चालत नाही. गवंड्याच्या पातळीच्या नळीने दोन टोके मोजून घ्यावीत, अंदाजाने ठरवू नये.

हळदीचे_पान

जॅकच्या देखभालीची एक गोष्ट राहून गेली आहे. तेल कमी झाले म्हणून त्यात ब्रेक ऑइल ओतणारे लोक आहेत. ब्रेक ऑइलने जॅकचे सील फुगून खराब होते. जॅकसाठी हायड्रॉलिक ऑइलच वापरावे. जॅक उचलतो आणि लगेच स्पंजासारखा खाली बसतो असे होत असेल तर बहुधा आत हवा अडकलेली असते. झडप सैल करून दांडा दहा-पंधरा वेळा मारला की ती निघून जाते. काम नसताना जॅक पूर्ण खाली उतरवून ठेवावा, म्हणजे चकचकीत दांड्याला गंज चढत नाही.

नवा_सभासद_वाई

आमच्या चुलत्यांकडे इलेक्ट्रिक नेक्सॉन आहे. तिलाही हेच लागू होते का?

डेपोतला_पाना

सिलखालच्या नेमून दिलेल्या जागांचा नियम तोच आहे, फक्त तिथे तो अधिक काटेकोरपणे पाळावा. इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरी पॅक पोटाखाली असतो. मध्ये कुठेही जॅक टेकवला तर त्याचे कवच दबते आणि नुकसान बाहेरून दिसतही नाही.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी पातळीच्या नळीने अंगण मोजले. गेटकडचा अर्धा भाग बाद झाला. तुळशीवृंदावनाच्या डावीकडची पट्टी जवळजवळ सपाट आहे, पण तिथल्या दोन फरश्या पोकळ वाजतात. त्या काढून खाली सिमेंटचा थर भरून घेणार आहे. साताऱ्याला २ टनी ट्रॉली आणि पिनेच्या ३ टनी घोड्यांची जोडी, तर गावी बाटली जॅक, घोड्यांची दुसरी जोडी आणि बाभळीच्या चार पाचरी असे ठरवले आहे. रॅम्प आता घेत नाही. बंधूंची संमती मिळाली आहे, मात्र पहिल्या वेळी ते स्वतः उपस्थित राहणार आहेत.

एकच गोष्ट मिळत नाही. सिलसाठी खाच असलेला रबरी गुटका दोन दुकानांत विचारला, पण कोणाकडे नव्हता. तो कुठून मिळवावा?

कुपवाड_वेल्डर

विकत घेण्याची गरज नाही. साखर कारखान्यांचे जुने कन्व्हेयर बेल्ट भंगारवाल्यांकडे मिळतात, त्यातला दहा-बारा मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यावा. जॅकच्या वाटीच्या मापाचे तीन गोल कापून एकावर एक ठेवावेत आणि वरच्या दोन थरांत सिलचा पत्रा बसेल एवढी खाच पाडावी. आतमध्ये कापडाचे थर असल्यामुळे तो साध्या रबरासारखा चेपत नाही. कापायला करवतीचे पाते वापरा, चाकूने हात कापून घ्याल.